वाचकांचे प्रश्न : रोइंगला उशीर झाला का?

प्रश्न : माझा मुलगा 19 वर्षांचा, उंची सहा फूट दोन इंच. सैन्यात भरती झाल्यावर त्याला रोइंगच्या, म्हणजे वल्ह्यांनी नौका पळवण्याच्या खेळाच्या चाचणीला बोलावलंय. रोइंग मशीनवर 2000 मीटर मारताना पहिल्या 500 मीटरनंतरच गळतो, कंबरही धरते. वयानं उशीर झालाय का?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : अजिबात नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावरच या खेळाकडे वळले. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत ते 13 वे आले आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. उंची तर मुलाच्या बाजूनंच आहे.

कंबर धरते, कारण तो बहुधा पाय सरळ होण्याआधीच पाठीनं ओढतो. क्रम पक्का हवा : आधी पाय, मग कंबर, शेवटी हात, परतताना हात, कंबर, पाय. सीटवरून पुढे सरकताना नडगी उभी झाली की थांबायचं. आणखी लांब जायच्या नादात पाठ गोल होते आणि सगळा भार मणक्यावर येतो. रोज दहा मिनिटं फक्त पायांनी, मग पाय आणि कंबर, मग पूर्ण स्ट्रोक, म्हणजे वल्ह्याची एक पूर्ण ओढ, मिनिटाला 18 ते 20 स्ट्रोकच्या गतीनं. कळ पायात उतरत असेल तर मात्र मशीन बंद आणि आधी डॉक्टर.

मशीनच्या पंख्याजवळचा, ओढ किती जड लागेल ते ठरवणारा खटका 10 वर ठेवून ताकद दाखवण्याची सवय नवख्यांमध्ये फार दिसते. ती मोडा. 3 ते 5 पुरे. स्क्रीनवर ड्रॅग फॅक्टर (पंख्याचा रोध दाखवणारा आकडा) दिसत असेल तर 120 ते 130 दरम्यान ठेवा.

गळण्याचं कारण सुरुवातीची घाई. समजा लक्ष्य 7 मिनिटं 20 सेकंद आहे, म्हणजे दर 500 मीटरला सरासरी 1:50. जोशात पहिले 500 मीटर 1:38 ला मारले की मांड्या भरून येतात आणि त्या शर्यत संपेपर्यंत मोकळ्या होत नाहीत. पहिले पाच-सहा स्ट्रोक जोरात, मग लगेच लय धरायची : 1:51, 1:51, 1:50, 1:48. तिसरे 500 मीटर सर्वांत छळतात. दम त्यांच्यासाठी राखावा.

आठवड्यातल्या सहा सत्रांपैकी चार संथ आणि लांब, 45 ते 60 मिनिटांची. बोलता येईल इतकाच दम लागावा. उरलेल्या दोनांत वेग. मुलांना ही संथ सत्रं कंटाळवाणी वाटतात, पण दम तिथेच तयार होतो.

पाण्यावर उतरण्याआधी पोहणं पक्कं करा. एकेरी नौका फार अरुंद असते, वल्ही सोडली की उलटते. म्हणून सुरुवात अनुभवी मुलांसोबत चौघांच्या नौकेत करू द्या.