36 रुपये जास्त निघाले तेव्हा, आणि मार्चएंडचे बाकी प्रश्न

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की सरकारी ऑफिसात लेखा आणि प्रशासन मिळून माझी 31 वर्षं गेली, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. वाटलं होतं दोन-चार पत्रं येतील. आली ती पिशवीभर, आणि त्यातली निम्मी "नाव छापू नका" अशी. नावं नाहीच छापत, गाव पण फक्त जिल्ह्यापुरतं.

"सर मी बीएस्सी ॲग्री. स्पर्धा परीक्षेतून लेखाधिकारी म्हणून निवड झाली, जॉइन होऊन दोन महिने झालेत. ऑफिस लहान आहे म्हणून आस्थापना (कर्मचाऱ्यांच्या सेवेच्या नोंदींचं काम) पण माझ्याकडेच दिलीये. अधीक्षक रोज ढीगभर फाईली पाठवतात आणि म्हणतात साहेब रुटीन आहे, सही करा. मला डेबिट-क्रेडिट पण धड येत नाही. सुरुवात कुठून करू?" (परभणी)

डेबिट-क्रेडिटचं टेन्शन घेऊ नका, तुमच्या टेबलावर त्याचं फारसं काम पडत नाही. इथं सगळा खेळ लेखाशीर्षाचा, म्हणजे कुठला खर्च कुठल्या सदरात टाकायचा त्याचा. 01 म्हणजे वेतन, 06 दूरध्वनी-वीज-पाणी, 11 प्रवास खर्च, 13 कार्यालयीन खर्च, हे आकडे आठवडाभरात तोंडपाठ होतात आणि मग रिटायर झाल्यावर पण डोक्यातून जात नाहीत, आमच्या घरी लाईट बिल आलं की मी अजून शून्य-सहा म्हणतो. फाईल आली की तीनच गोष्टी बघायच्या, त्या शीर्षाखाली बीम्सवर (सरकारची ऑनलाइन बजेट प्रणाली) तरतूद आलीय का, मंजुरी द्यायचा अधिकार नक्की कुणाचा, आणि वस्तू किंवा काम खरंच मिळालंय का. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते. बिलावर "साठा नोंदवही पान अमुक" असं लिहिलेलं असतं आणि ते पान उघडलं तर कोरं! म्हणून पहिले सहा महिने तरी नोंदवही मागवा, पान स्वतः बघा, मग सही. अधीक्षकांना राग येईल, येऊ दे, ते पण कधीतरी असेच शिकलेत.

आणि रोखवही. आता जवळपास सगळं ऑनलाइन थेट खात्यात जातं त्यामुळे रोखवही म्हणजे जुनाट काहीतरी असं नवीन मुलांना वाटतं. माझा किस्सा सांगतो. एकदा तपासणीवाले अचानक आले, तिजोरी उघडली, रोकड मोजली तर वहीपेक्षा 36 रुपये जास्त. मी मनात म्हटलं जास्तच आहेत ना, कमी तर नाहीत. त्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, जास्त निघणं पण तितकंच वाईट, म्हणजे कुणाकडून तरी घेतले आणि नोंदवले नाहीत. तासभर शोधाशोध. शेवटी कळलं, माहिती अधिकारात एकानं 18 पानांच्या झेरॉक्स नेल्या होत्या, 2 रुपये पानाप्रमाणे 36, पावती फाडली होती, पैसे पाकिटात घालून तिजोरीत टाकले होते, वहीत चढवायचं राहिलं. क्लार्कच्या मुलाचं बारसं होतं त्या दिवशी, हाफ डे टाकून गेला होता. एवढ्यावर दोन पानी खुलासा लिहिला मी. तेव्हापासून संध्याकाळी रोखवही बंद करून सही केल्याशिवाय खुर्ची सोडली नाही, बसचे तीन-चार पास वाया गेले असतील त्या नादात.

अजून एक, असे जमा झालेले पैसे चहापाण्याला, झेरॉक्सच्या कागदाला वगैरे परस्पर वापरायचे नाहीत, भले ऑफिसचंच काम असू दे. आधी शासनखाती भरणा, खर्च वेगळ्या बिलानं.

आस्थापनेचं एकच सांगतो, पुढच्या दोन वर्षांत कोण कोण रिटायर होतंय त्याची यादी आजच काढा. पेन्शन केस निवृत्तीच्या सहा महिने आधी महालेखापालांकडे, म्हणजे तुमच्या भागासाठी नागपूरला, जायला पाहिजे, आणि सेवापुस्तकात 1998 सालची एखादी वेतनवाढ सहीविना सापडली की ते सहा महिने कसे जातात कळत नाही. वेतन पडताळणी पथकाकडून पुस्तक परत येतं तेच मुळी आक्षेपासकट.

"सर, आमच्याकडे प्रशिक्षण शिबिरांसाठी 9 लाख आलेत. शिबिरं मे महिन्यात आहेत. साहेब म्हणतात 31 मार्चच्या आत बिल टाकून रक्कम काढून बँकेत ठेवा, नाहीतर लॅप्स होईल आणि वरून शिव्या मला पडतील. साहित्य पण तीन वेगवेगळ्या कोटेशनवर तुकडे करून घ्या म्हणतात. सगळं तोंडी. मी नाही म्हटलं तर 'मॅडम तुम्हाला कामच करायचं नाही' हे ऐकावं लागतं. काय करू?" (सातारा)

मॅडम, तुमचं पत्र वाचून मला माझाच फेब्रुवारी आठवला, कुठल्या साली ते सांगत नाही.

आधी नियमाचं बोलू. लगेच द्यायचे नसतील तर कोषागारातून पैसे काढायचेच नाहीत, हे महाराष्ट्र कोषागार नियम 1968 मध्ये आहे आणि ते कुणाही साहेबाच्या मर्जीवर नाही. संक्षिप्त देयकावर, म्हणजे आधी ढोबळ बिल टाकून, उचललं तर तपशीलवार देयक महिनाभरात द्यावं लागतं, शिबिर मेमध्ये म्हटल्यावर तुम्ही एप्रिलअखेर काय देणार? बँकेत पडून राहिलेली रक्कम तर ऑडिटवाल्यांना वासावरून कळते, पासबुक मागितलं की झालं. आणि ऑडिटच्या आक्षेपाचा परिच्छेद निघेपर्यंत साहेबांची बदली झालेली असते, खुलासा द्यायला तुम्ही उरता. रिटायर झाल्यावर सुटलो असं पण नाही, चौकशी सुरू करायच्या आधीच्या चार वर्षांतली घटना असेल तर निवृत्तीनंतर पण चौकशी लागू शकते. घाबरवत नाही, पण हे माहीत असलं की नाही म्हणताना आवाज जरा स्थिर राहतो.

टेंडर टाळायला तुकडे करण्याचं पण तेच. एकाच शिबिरांचं साहित्य एकाच महिन्यात तीन फाईलींवर घेतलं तर लहान पोर पण विचारेल का म्हणून. एकत्र मागणी करा, जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर बघा, टेंडर लागत असेल तर टेंडर.

आता नाही कसं म्हणायचं ते. केबिनमध्ये उभं राहून नाही म्हणू नका, तिथं तुम्ही हरणार. टिप्पणी लिहा, अर्धं पान, साधी भाषा. शिबिरं मेमध्ये प्रस्तावित आहेत, खर्च चालू वर्षात होणार नाही, रक्कम आहरित केल्यास कोषागार नियमांचा भंग होईल, सबब रक्कम समर्पित करून पुढील वर्षी तरतुदीची मागणी करावी, आदेशार्थ सादर. एवढंच (आहरित म्हणजे काढलेली, समर्पित म्हणजे शासनाला परत केलेली). "सबब" लिहिलं की टिप्पणीला वजन येतं, हा माझा अनुभव :) खाली साहेबांनी "चर्चा करावी" असा शेरा मारला तर चर्चा करा आणि परत येऊन चर्चेत काय ठरलं ते फाईलवर तारखेनिशी लिहा. तरी तोंडीच आदेश आला तर वर्तणूक नियम 1979 मधला नियम 3 वाचा, वरिष्ठांचा आदेश शक्यतो लेखी असावा आणि तोंडी दिला तर नंतर लेखी कायम करून घ्यावा असं त्यात आहे. तुम्ही ते मागणं म्हणजे उद्धटपणा होत नाही. मी मागितलं तेव्हा दहातल्या आठ वेळा आदेशच आला नाही, विषय आपोआप थंड झाला. उरलेल्या दोनदा लेखी आला, तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

खरं दुखणं मात्र मार्चचं नाहीये. आठमाही सुधारित अंदाज, म्हणजे वर्ष चालू असताना सुधारून पाठवायचा खर्चाचा अंदाज, जातो तेव्हा, दिवाळीच्या आसपास, शिबिरं या वर्षात होणार नाहीत हे कुणाला तरी माहीत होतंच की. तेव्हा लिहिलं असतं तर पैसे दुसऱ्या गरजू ऑफिसला गेले असते आणि शिव्या पण पडल्या नसत्या. पण आपल्याकडे अंदाजपत्रक मागच्या वर्षीच्या आकड्यात दहा टक्के वाढवून पाठवतात आणि मग 31 मार्चला रात्री कोषागाराच्या जिन्यात बसतात, बीम्सचं प्राधिकारपत्र निघत नाही, सर्व्हर गोल गोल फिरतोय, कुणीतरी वडापाव वाटतंय आणि एक जण फोनवर ओरडतोय की अरे शीर्ष चुकलंय, बिल परत आलं. मी असे किती मार्च काढले मोजले नाहीत. बायको म्हणायची तुमच्या घरी होळी आणि पाडवा दोन्ही माझ्या एकटीच्या.

"माझा छापखाना आहे. एका सरकारी ऑफिसला रजिस्टरं आणि फॉर्म छापून दिले, सात महिने झाले, बिल नाही. गेलं की 'अनुदान नाही आलं' एवढंच उत्तर. पुन्हा पुन्हा गेलो तर पुढचं काम देणार नाहीत ही भीती." (वर्धा)

भाऊ, अनुदान नाही आलं हे निम्म्या वेळा खरं असतं, तरतूद हप्त्याहप्त्यानं येते. उरलेल्या निम्म्या वेळा तुमचं बिल कुठल्यातरी त्रुटीवर अडकलेलं असतं आणि तुम्हाला कुणी सांगत नाही. म्हणून "बिल कधी निघेल" विचारू नका, "बिल कोषागारात सादर झालंय का, झालं असेल तर टोकन नंबर काय" असं विचारा, समोरचा सरळ बसतो. पुरवठा आदेशाची प्रत आणि माल मिळाल्याच्या सही-शिक्क्याचं चलन जोडून एक स्मरणपत्र आवक-जावकमध्ये द्या, पोच घ्या. मार्च उलटला तर तीच तरतूद उरत नाही, त्यामुळे आत्ताच.

तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर अजून एक रस्ता आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असं 2006 चा कायदा सांगतो, आणि सरकारी ऑफिस त्यातून सुटत नाही. सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते, उशिराचं व्याज बँक रेटच्या तिप्पट, ते पण चक्रवाढ. तुम्ही स्वतः छापता म्हणून तुम्हाला हे लागू, नुसता माल आणून विकणाऱ्या दुकानदाराला उद्यम नोंदणी मिळते पण हा फायदा मिळत नाही. अर्थात तक्रार हा शेवटचा डाव, आधी स्मरणपत्र.

"क्लार्क म्हणून रिटायर झालो. आता पेन्शन केसमध्ये म्हणतात 2009 ची वेतननिश्चिती चुकली होती, 1 लाख 86 हजार ग्रॅच्युइटीतून कापणार. चूक माझी नव्हती." (लातूर)

कापायच्या आधी लेखी हरकत द्या. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2014 मध्ये पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह या केसमध्ये सांगितलंय की वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्याकडून, निवृत्ताकडून, किंवा पाच वर्षांहून जास्त काळ दिल्या गेलेल्या जादा वेतनाची वसुली करू नये. तुम्ही तिन्हीत बसताय. फक्त वेतननिश्चितीच्या वेळी "जादा दिल्यास परत करीन" असं वचनपत्र सही करून दिलं होतं का ते सेवापुस्तकात बघा, ऑफिस त्यावर बोट ठेवेल, आणि तसं असेल तर अर्ज एकट्यानं न लिहिता वकिलाला दाखवून लिहा.

"ऑफिसच्या गच्चीवर मोडक्या खुर्च्या आणि बंद कूलर पडलेत वर्षानुवर्षं. भंगारवाल्याला देऊन टाकू का?" (धुळे)

नका देऊ हो! त्या खुर्च्या जडसंग्रह नोंदवहीत (टिकाऊ सामानाच्या वहीत) अजून जिवंत आहेत. आधी मोजा, वहीत 14 असतील तर गच्चीवर 11च मिळतील, ते तीन कुठे गेले याचा शोध वेगळा. मग समिती, निर्लेखनाचा (वस्तू वहीतून कमी करण्याचा) प्रस्ताव, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी, लिलाव, आणि आलेले पैसे ग्रास या सरकारी भरणा पोर्टलवरून शासनाला भरणा, चलनाची प्रत फाईलला. सगळं मिळून चार हजार येतील आणि फाईल तीन इंच जाड होईल. पण मेच्या आत उरका, पावसाचं पाणी त्या कूलरखाली तुंबून स्लॅब गळायला लागला की बांधकाम विभागाला पत्र लिहायचं कामही तुमच्याच टेबलावर येणार आहे.