प्रस्ताव लिहायला बसण्याआधी

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र मिळालं. सोबतचा बावीस पानांचा प्रस्तावही दोनदा वाचून काढला. चौथ्या पानावर इमारत, सहाव्यावर व्हायरल लोडचं (रक्तातल्या एचआयव्हीचं प्रमाण मोजणारं) मशीन, नवव्यावर सभागृह. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी उपचार केंद्रात, आज काम कोण करतं, ते मात्र सोळाव्या पानाच्या तळटीपेत! ती तळटीप उचल आणि पहिल्या पानावर आण. बाकीचं मग बोलू.

तुमच्या कॉलेजने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या उपचार केंद्रांच्या पाठीशी उभं राहावं, ही कल्पना चांगलीच आहे. १ एप्रिल २००४ ला सरकारी मोफत औषधं सुरू झाली, तेव्हा देशभरात मिळून आठच केंद्रं होती, त्यांतलं एक मुंबईत जे. जे.ला. तेव्हा पेशंट रातोरात गाडीत बसून मोठ्या शहरात यायचा. आता मोठ्या केंद्राला जोडलेलं छोटं लिंक केंद्र ग्रामीण रुग्णालयात आहे, औषध पेशंटच्या तालुक्यात पोचलंय. पण औषधाबद्दलचा प्रश्न पडला की विचारायचं कुणाला?

माझीच एक फजिती सांगतो. एका रविवारी दुपारी लिंक केंद्रातून फार्मासिस्टचा फोन आला. टीएलडी (डॉल्युटेग्रॅव्हिर आणि आणखी दोन औषधं असलेली एचआयव्हीवरची गोळी) घेणाऱ्या माणसाला टीबी निघाला होता, टीबीची औषधं चालू झाली होती. "सर, गोळी तीच ठेवायची ना?" गोळी तीच, पण ती एकटी पुरत नाही. टीबीवरच्या रिफॅम्पिसिनमुळे डॉल्युटेग्रॅव्हिरची रक्तातली पातळी घसरते, म्हणून टीएलडीनंतर बारा तासांनी त्याचीच ५० मिलिग्रॅमची एक जादा गोळी लागते. रिफॅम्पिसिन थांबल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवायची. हे सांगायला मला दोन मिनिटं लागली. गंमत म्हणजे (गंमत कसली!) हाच फार्मासिस्ट दोन महिन्यांपूर्वी माझ्या प्रशिक्षणाला आला होता. हीच माहिती सत्तेचाळिसाव्या स्लाइडवर होती, जेवणानंतरच्या सत्रात. हजेरीपटावर त्याची सही आहे. चूक माझी होती. त्याला स्लाइड नको होती, प्रश्न पडेल त्या दिवशी फोन उचलणारं माणूस हवं होतं.

युगांडात कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठाशी जोडलेल्या संसर्गजन्य रोग संस्थेने हे ओळखलं. त्यांनी प्रशिक्षणाच्या जोडीला दूरच्या दवाखान्यांतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी एक फोनसेवा चालवली. औषधांची गुंतागुंत कळणारी माणसं फोनवर बसवली. तुमच्याकडे फार्माकॉलॉजीचा आख्खा विभाग आहे आणि त्याच्या रेसिडेंटांना खरा पेशंट क्वचितच दिसतो. त्यांची पाळी लाव. आलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवायला सांग. सहा महिन्यांनी पुढच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम त्या वहीतूनच निघेल. आणि हो, फोन तुझ्या खिशात नको. तू रजेवर गेलीस की बंद पडणाऱ्या सेवेला विद्यापीठाची ताकद म्हणत नाहीत.

मशीनबद्दल थोडक्यात. एका ठिकाणी असंच एक मशीन आलं, फीत कापली गेली, आणि एसी नि यूपीएसची फाइल फिरेपर्यंत ते प्लास्टिकच्या आवरणातच राहिलं. आधी बघ की तालुक्यातून निघालेला नमुना वेळेत आणि थंड पोचतो का, किती नमुने नाकारले जातात आणि का. तिथे पैसे कमी लागतात, घाम जास्त.

आता मला खरं सांगायचंय ते. महिनाभर डेटा मॅनेजरच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बस. मी बसलो होतो. त्याने पांढऱ्या कार्डांचा, म्हणजे पेशंटच्या उपचार-नोंदींचा, एक गठ्ठा काढून दाखवला. शेवटची नोंद ऑक्टोबरची, पुढची एकदम एप्रिलमधली. असं एक नाही, कितीतरी. आम्ही शहाणे त्याला "उपचारात सातत्य नाही" म्हणत होतो. त्या गठ्ठ्यातली एक बाई केंद्रावर आली तेव्हा समुपदेशक ताईंनी तिला विचारलं. ती बीडकडची, नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. मुकादमाची उचल घेतलेली. औषधासाठी एक दिवस मागितला तर खाडा धरणार. नेलेल्या गोळ्या तीन महिन्यांच्या, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पुरणार कशा? त्यात बाटली खुळखुळते. खोपीत शेजारणीने "कसलं औषध गं?" विचारू नये म्हणून तिने गोळ्या काढून चिंधीत बांधल्या आणि पिठाच्या डब्यात लपवल्या. त्या दमट झाल्या, फुटल्या. ताईंनी एवढंच केलं की बाटलीत वरपर्यंत कापूस भरून दिला. आवाज बंद. माझ्या एकाही स्लाइडवर हे नव्हतं.

त्या ताई कंत्राटी आहेत, डेटा मॅनेजरही. दरवर्षी मुदतवाढीची वाट बघणारी ही माणसं म्हणजे केंद्राची स्मरणशक्ती, आणि ती गेली की गठ्ठा उरतो, त्यातली गोष्ट जाते. कंत्राट कायम करणं तुझ्या हातात नाही, मला ठाऊक आहे. पण रेसिडेंटांच्या वर्गात त्यांना शिकवायला उभं करणं, त्याचं मानधन आणि प्रमाणपत्र देणं, शोधनिबंधात त्यांचं नाव घालणं हातात आहे. सुरुवातीला विभागात नाकं मुरडली जातील. मुरडू देत.

आणि प्रबंध! आपलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला, कॉलेजं राज्यभर, दर वर्षी प्रबंधांचे ढीग. त्यांतले किती केंद्राच्या कामी येतात? पीएसएमच्या (सामाजिक आरोग्य विभागाच्या) एका विद्यार्थ्याला शोधू दे की सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांवर जाणाऱ्यांची तिथल्या केंद्रावर ट्रान्सफर कागदोपत्री होते की प्रत्यक्षात. नैतिकता समितीकडे नीट जा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयतेला धार आलीय आणि ते बरंच झालं. नावांची यादी पेनड्राइव्हवर फिरताना मला कधी दिसता कामा नये.

केनियातल्या एल्डोरेटच्या मोई विद्यापीठाचं उदाहरण तू दिलंयस, पण निम्मंच. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाची साथ होती, पैसा आला, हे खरं. पण त्यांनी पेशंट उपाशी आहे हे बघून शेती केली, भाजीपाला पिकवून वाटला. नोंदी हरवतात हे बघून नोंदींची संगणकीय व्यवस्था उभी केली; पुढे ओपनएमआरएस ही वैद्यकीय नोंदींची खुली संगणक प्रणाली आली ती त्याच कामातून. आपल्याकडे शेती नको असेल, पण कारखान्याच्या तळाजवळच्या लिंक केंद्राची वेळ संध्याकाळची करता येते का, हे तरी विचार.

प्रस्ताव दोन महिने थांबला तरी चालेल. त्याआधी डेटा मॅनेजरला गेल्या हंगामात ऑक्टोबरनंतर गायब झालेल्यांची कार्डं काढायला सांग, आणि ताईंबरोबर बसून बघ, त्यांतले कोण यंदा पुन्हा टोळीत निघालेत, कोणत्या कारखान्यावर. टोळ्या निघायच्या दसऱ्याला तीनच आठवडे उरलेत.

तुझा,
सर