आधी पाकिटावर पत्ता लिहा

प्रश्न : माझं पीएच.डी.चं संशोधन झालंय. तक्ते तयार आहेत, टिपणांच्या तीन वह्या भरल्यात. फक्त चौथं प्रकरण लिहायचं आहे आणि ते आठ महिने तसंच पडून आहे. सकाळी बसायचं ठरवते, दुपारी कपाट आवरते, रात्री स्वतःचाच राग येतो. हल्ली मार्गदर्शकांचा फोनही उचलत नाही. मी आळशी आहे का?

उत्तर : आळशी माणूस भर दुपारी कपाट आवरायला घेत नाही. कष्टाला तुमची ना नाहीच. त्या प्रकरणाजवळ गेलं की पोटात गोळा येतो, तो तुम्ही टाळताय. फ्युशिया सिरोइस आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली हेच मांडलं, की चालढकलीचं मूळ वेळापत्रकापेक्षा मनःस्थितीत असतं. काम बाजूला सारलं की क्षणभर हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्याचीच सवय लागते.

मी यातून गेले आहे. एका जिवलग मैत्रिणीची आई गेली, तेव्हा मी दूर होते. पत्र लिहायचं ठरवलं. पहिल्या आठवड्यात शब्द सुचेनात. महिन्यानंतर उशिराची लाज वाटू लागली. मग वाटलं, इतका उशीर झालाय तर पत्र तरी तसंच तोलामोलाचं हवं. चौदा महिने गेले. शेवटी एका संध्याकाळी मी फक्त पाकिटावर तिचं नाव आणि पत्ता लिहिला, तिकीट चिकटवलं आणि ते रिकामं पाकीट टेबलावर ठेवून झोपले. दुसऱ्या दिवशी एकच वाक्य लिहिलं : ‘तुझी आई मला नेहमी पूर्ण नावानं हाक मारायची.’ तिसऱ्या दिवशी दीड पानाचं पत्र पुरं झालं.

तुमच्यासाठी तो पत्ता म्हणजे एक तक्ता. ‘चौथं प्रकरण’ हे शब्दच काही दिवस उच्चारू नका. कोणताही एक तक्ता घ्या आणि त्याखाली एक वाक्य लिहा, वाईट असलं तरी चालेल. मात्र पाऊल कामाचंच हवं. नवी वही आणणं, संदर्भांची यादी पुन्हा लावणं हे सगळं कपाट आवरण्यासारखंच आहे.

बहुतेक जणांचं बिनसतं ते पुढे. एका वाक्याचं ठरवून बसतात, दोन वाक्यं सहज होतात, की लगेच ‘आता आठ महिन्यांचं भरून काढू’ म्हणून पाच तास स्वतःला जुंपतात. दुसऱ्या दिवशी मन खुर्चीकडे फिरकतही नाही. का फिरकावं? काल दोन मिनिटं सांगून त्याला पाच तास डांबलं होतं. म्हणून थांबायची मुभा खरीखुरी द्या. पहिला आठवडाभर, लिहावंसं वाटत असलं तरी, दहा मिनिटांनी उठाच. जमलं तर वाक्य अर्धवट सोडून उठा. मारिया ओव्ह्स्यान्किना या संशोधिकेनं १९२८ साली दाखवलं होतं, की मध्येच थांबवलेल्या कामाकडे माणसं कोणी न सांगता आपणहून परत वळतात. कोऱ्या पानापेक्षा अर्धं वाक्य तुम्हाला लवकर बोलावून घेईल.

वेळही नेमकी ठरवा. ‘सकाळी केव्हातरी’ नको, ‘दात घासून झाले की फाइल उघडायची’ असं हवं. अमुक झालं की तमुक करायचं, अशी गाठ आधीच मारून ठेवली तर ठरवलेलं प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ च्या लेखात सविस्तर मांडलं आहे.

आणि रात्रीचा तो राग सोडा, हे मी कळकळीनं सांगते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली.

राहिला मार्गदर्शकांचा फोन. आठ महिन्यांचा खुलासा लिहायला बसू नका, ते दुसरं चौथं प्रकरण होईल. आज एवढंच पाठवा : ‘सर, लिखाण अडलंय. बोलायला वेळ द्याल का?’