वाचकांचे प्रश्न : रंकाळ्यावरचे श्रवण

प्रश्न : मी नोकरीतून निवृत्त झालो असून मंगळवार पेठेत राहतो. कणेरी मठात जाणाऱ्या एका स्नेह्यांनी अद्वैत विचार सांगणारे संत सिद्धरामेश्वर महाराज यांच्या प्रवचनांच्या ध्वनिफिती मोबाईलवर पाठवल्या. त्या मी रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारताना ऐकतो. तीन महिन्यांत चाळीस प्रवचने झाली, पण कुणी विचारले तर चार वाक्येही धड सांगता येत नाहीत. आणि रात्री जेवणानंतर ऐकायला बसलो, की ‘कारण देहा’च्या विवेचनापाशी हमखास डोळा लागतो. गुरूंवाचून नुसत्या श्रवणाने हा अभ्यास होतो का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण ऐकता तो आवाज महाराजांचा नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे. सिद्धरामेश्वर महाराज १९३६ साली मुंबईत समाधिस्थ झाले. त्यांची प्रवचने शिष्यांनी टिपून घेतली म्हणून टिकली, आणि टिपून घेणाऱ्यांत पुढे जगभर ख्याती पावलेले निसर्गदत्त महाराजही होते. सिद्धरामेश्वर महाराजांचेच दुसरे शिष्य रणजित महाराज (१९१३–२०००) परदेशी साधकांशी इंग्रजीत बोलत, आणि ते बोलणे त्यांच्याच आवाजात ऐकायला मिळते. आपल्याकडच्या फितीत मात्र कुणीतरी ती टिपणे वाचत आहे. टिपणातले वाक्य आटीव असते. बोलणारा जिथे थांबला असेल, समोरच्याकडे पाहून तीच गोष्ट पुन्हा सांगितली असेल, तिथे वाचणारा सरळ पुढच्या ओळीवर जातो. चाळीस प्रवचने ऐकूनही हाती काही उरत नाही, याचे निम्मे कारण माझ्या मते हेच आहे.

उरलेले निम्मे कारण आपल्या फेरीत आहे. महाराज ज्या परंपरेतले, त्या इंचगेरी संप्रदायात त्यांचे गुरू भाऊसाहेब महाराज उमदीकर यांचा भर नामस्मरण आणि ध्यान यांवर होता. त्या संथ वाटेला पिपीलिका मार्ग, म्हणजे मुंगीची वाट, म्हणतात. सिद्धरामेश्वर महाराजांनी विचाराने चालण्याचा विहंगम मार्ग सांगितला. पक्ष्याची वाट म्हटली, की लोकांना ती सोपी वाटते. पण ही वाट विचाराचीच असल्यामुळे, विचार केला नाही तर पाऊलही उचलले जात नाही. समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला नमस्कार करत, पायाखालची फरशी सांभाळत ऐकलेले कानापर्यंतच पोहोचते.

म्हणून आठवड्याला एकच प्रवचन घ्यावे आणि तेही घरी, दासबोध शेजारी ठेवून ऐकावे. दोनशे समास एकदम वाचायचे नाहीत. चौथ्या दशकातला श्रवणभक्तीचा पहिला समास आरंभाला पुरेल. रंकाळ्याच्या फेरीत मोबाईल खिशात ठेवावा आणि त्या आठवड्याचे प्रवचन स्वतःच्या शब्दांत मनाशी मांडून पाहावे. उदाहरणार्थ, स्थूल देहाचा, म्हणजे दिसणाऱ्या शरीराचा, विचार घ्या. ‘माझा गुडघा दुखतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा ज्याचा गुडघा तो गुडघ्याहून वेगळा असला पाहिजे. ‘माझे मन लागत नाही’ म्हणणाराही मनाहून वेगळा. मग तो कोण? एवढा एक प्रश्न घेऊन दोन फेऱ्या झाल्या, तरी आठवड्याचे काम झाले.

आता झोपेविषयी. स्थूल देह आणि सूक्ष्म देह, म्हणजे मन-बुद्धी, बाजूला सारले, की काहीच नसल्यासारखी जी विस्मृतीची स्थिती येते, तिला कारण देह म्हणतात, आणि गाढ झोप हे तिचे रोजच्या अनुभवातले उदाहरण आहे. त्याच ठिकाणी आपला डोळा लागावा, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. पण तिला समाधी समजू नये, ती बहुधा जेवणाची सुस्ती असावी. जेवणाआधी ऐकून पाहावे. साधक या ‘काही नाही’पाशी बिचकून मागे फिरतो; तिथेच थांबून, ‘काही नाही’ हे जाणणारा कोण आहे याकडे लक्ष वळवले, तर महाकारण देहाचे, म्हणजे त्या जाणिवेचे, विवेचन उलगडू लागते. पुढचा भाग याआधी ऐकून उपयोग होत नाही.

राहिला गुरूंचा प्रश्न. विचाराचा अभ्यास फितीवरून जरूर होतो. दीक्षा मात्र होत नाही, आणि मोबाईलवर ऐकलेला मंत्र आपलासा करून जपू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. या परंपरेने गुरूंना कधीच गौण मानलेले नाही. कणेरी मठाचे मुप्पिन काडसिद्धेश्वर महाराज तर मठाधिपती असतानाच सिद्धरामेश्वर महाराजांचे शिष्य झाले. हा मठ आपल्यापासून फार दूर नाही. कारण देहाविषयी जिथे अडते, ती शंका एका कागदावर लिहून स्नेह्यांबरोबर एकदा तिथे जावे, आणि तोवर एक्केचाळिसावी फीत उघडू नये.