जुनी जीप, नागपूरची थंडी आणि सकाळचा सेल्फ

मे महिन्यात सगळे लिहितात की गाडी गरम होते, आणि डिसेंबर लागला की तेच लोक लिहितात की गाडी गरमच होत नाही. यावेळी जुन्या फोर बाय फोरवाल्यांची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलले, त्यांनी राग मानू नये.

प्रश्न (मानेवाड्याहून एक वाचक): माझ्याकडे १९९४ ची महिंद्रा एमएम ५४० आहे, प्यूजो डिझेल इंजिनवाली. आतापर्यंत शेतावर आन रविवारीच निघायची. कार पोराला देऊन टाकली म्हणून आता रोज बुटीबोरीला हीच नेतो. दुपारी एका सेल्फात चालू होते पण सकाळी सहाला उठूनच नाही राहिली. एक मेकॅनिक म्हणते बॅटरी बदला, दुसरा म्हणते डिझेलचा पंप उतरवा, घरचे म्हणतात विकून टाका. रोज चालवायच्या लायक आहे का नाही ते एकदाचं सांगा.

उत्तर: आहे. विकू नका आणि पंपाला तर हातच लावू देऊ नका, निदान आत्ता तरी. दुपारी एका सेल्फात चालू होते हे तुम्हीच लिहिलंय ना, त्यातच अर्धं उत्तर आलं. पंप गेला असता तर गरम इंजिनावरही त्रास झाला असता, आणि पंप उतरवून टेस्टिंगला टाकायचा म्हणजे खर्च किती ते तुम्हाला माहीत आहे.

उद्या सकाळी एक काम करा, सेल्फ मारताना घरातल्या कोणालातरी सायलेन्सरच्या मागे उभं करा. सेल्फ जोरात फिरतोय, मागून पांढरा धूर येतोय पण गाडी पेटत नाही, तर डिझेल पोचतंय फक्त जळत नाहीये, म्हणजे हीटर प्लग गेले, थंड इंजिनाला आतून तापवणारे ते छोटे हीटर. सेल्फ जोरात फिरतोय पण धुराचं नावच नाही, तर डिझेल पोचतच नाहीये, रात्रभरात कुठल्यातरी जॉइंटातून हवा घुसून डिझेल मागे टाकीकडे उतरतंय. अशा वेळी सेल्फ मारायच्या आधी हँड प्रायमर, म्हणजे हाताने दाबून डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप, घट्ट होईपर्यंत मारून पाहा, मग लगेच उचलली तर नक्कीच हवा, वॉशर आणि जुने रबरी पाइप बदला, काम फार मोठं नाही. आणि सेल्फच कुंथत कुंथत फिरत असेल तर मग बॅटरीवाला मेकॅनिक बरोबर आहे, किंवा अर्धा बरोबर आहे, ते पुढे सांगतो.

तुमच्या इंजिनात डिझेल सरळ पिस्टनवर पडत नाही, आधी एका छोट्या खोलीत पडतं आणि तिथून पेट घेऊन बाहेर येतं. त्या खोलीच्या थंड भिंती दाबाने तयार झालेली गरमी खाऊन टाकतात, म्हणून या इंजिनांना हीटर प्लग लागतातच. महिंद्राचं नंतरचं एमडीआय इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं, ते थंडीत यापेक्षा सोपं उठतं, त्यामुळे शेजाऱ्याची जीप प्लगशिवाय चालू होते म्हणून तुमचीही व्हावी असं नाही. प्लग तपासायला गॅरेजची गरज नाही. वरची जोडपट्टी काढा, एका साध्या बारा व्होल्टच्या टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं एकेका प्लगच्या डोक्याला लावा, दिवा लागला तर प्लगची तार शाबूत, नाही लागला तर तो गेला. चारातले दोन गेले असतील तरी दुपारी गाडी काही बोलत नाही, सकाळी बोलते. चारही चांगले निघाले तर रिले (प्लगना करंट सोडणारा स्विच) आणि त्याच्या वायरीकडे बघा, जुन्या जीपमध्ये तिथंच कोणीतरी काहीतरी जोडजुगाड केलेला असतो.

आता बॅटरी. नागपुरात बॅटरी मरते मे महिन्यात आणि कळतं डिसेंबरात. ४५-४६ डिग्रीत आतलं पाणी उडतं, प्लेटा खराब होतात, पण गरम इंजिन फिरवायला ताकद कमी लागते म्हणून तेव्हा निभावून जातं. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि इंजिनमधलं ऑइल घट्ट होतं, दोन्ही एकदमच. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास व्होल्ट दाखवले पाहिजेत आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाऊ नयेत. पण नवीन बॅटरीचे पैसे टाकायच्या आधी इंजिन आणि चेसिसमधली अर्थची पट्टी एकदा काढून बघा काहून की तीस वर्षांत ती हिरवी-पांढरी होऊन अर्धी तुटलेली असते, घासून घट्ट केली की सेल्फचा आवाजच बदलतो. ऑइलचंही बघा, उन्हाळ्यासाठी म्हणून जाड २०डब्ल्यू-५० टाकलं असेल तर आता पातळ १५डब्ल्यू-४० टाका.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. फडकं डिझेलमध्ये भिजवून पेटवायचं आणि हवेच्या पाइपापाशी धरायचं हा प्रकार करू नका, करणारे अजूनही आहेत. आणि तो स्टार्टिंगचा स्प्रे तापलेल्या हीटर प्लगवर मारला तर डिझेलची पाळी यायच्या आधीच आत भडका उडतो, पिस्टन फुटलेत लोकांचे. त्यापेक्षा उतारावर लावा आणि ढकला.

तुम्ही विचारलं नाही पण रोज चालवायची तर हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या जीपमधला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, बहुतेक कोणीतरी काढून फेकलाय. इथं ही पद्धतच आहे, गाडी उन्हाळ्यात गरम झाली की रेडिएटर साफ करायचं सोडून थर्मोस्टॅट काढायचा. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं, सकाळच्या हवेत इंजिन बुटीबोरीपर्यंत पुरतं तापतच नाही, काटा खाली पडलेला, डिझेल जास्त, धूर जास्त, आणि थंड इंजिनाची झीज सगळ्यात जास्त होते. वरचा होज काढला की खाली त्याचं घर असतं, रिकामं दिसलं तर नवीन बसवा, स्वस्तातली वस्तू आहे. ट्रकवाल्यांसारखा रेडिएटरपुढे पुठ्ठा लावायचं मनात असेल तर तो बुटीबोरीला पोचल्यावर काढायची आठवण ठेवा, इथं सकाळी ९ डिग्री आणि दुपारी २८ असतं आणि परतीला तोच पुठ्ठा इंजिन तापवून हेड गॅस्केट उडवतो.

चालू झाली की पंधरा मिनिटं उभ्या उभ्या घुर्र घुर्र करत ठेवू नका. डिझेल इंजिन आयडलला तापत नाही, फक्त गल्ली धुराने भरते आणि शेजारी नाव घेतात. ऑइलचा दाब आला, अर्धा-एक मिनिट झालं की निघा, पहिले चार-पाच किलोमीटर हलक्या पायाने. आणि हो, निघायच्या आधी बोनेटवर एक थाप मारा, थंडीत मांजर तिथंच झोपलेली असते.

डिझेल गोठतं का असंही दोघातिघांनी विचारलंय. बाप्पा, नागपुरात नाही. २९ डिसेंबर २०१८ ला इथं पारा ३.५ वर आला होता, तरी गाड्या चालल्याच. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ डिग्रीपर्यंत न गोठणारं डिझेल काढलं ते लडाखसाठी, आपल्याला त्याचं काम नाही. म्हणून कोणी डिझेलमध्ये रॉकेल मिसळायला सांगितलं तर हसून सोडून द्या, पंपाचं वंगण डिझेलच असतं.

प्रश्न (बेसा भागातून): सकाळी दव पडून सिमेंट रोड ओला असतो. माझ्या जीपला फोर बाय फोर आहे, मग ते लावूनच ऑफिसला गेलो तर ग्रिप चांगली राहील ना? नाहीतर फोर बाय फोर घेऊन फायदा काय?

उत्तर: नका लावू भाऊ. जुन्या जीपचं फोर बाय फोर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना सरळ बांधून टाकतं, मध्ये दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरेन्शिअल नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात, चिखलात चाक थोडं घसरून तो फरक सुटून जातो पण सिमेंटवर चाक घसरत नाही, मग पीळ शाफ्टमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात, शाफ्टच्या जोडातले क्रॉस तुटतात, आणि मग लिव्हर इतका अडकतो की लोक त्याला लाथा मारतात. कधी अडकलाच तर सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, सुटतो.

दवाने ओला झालेला सिमेंट रोड तसाही दोन चाकांना पुरेशी पकड देतो. तुमची अडचण निघायची नाही, थांबायची आहे, आणि फोर बाय फोरने ब्रेक सुधारत नाहीत. बहुतेक जुन्या जीपना चारही चाकांना ड्रम, एबीएस नाही, सकाळी ओलाव्याने एका बाजूला ओढते. कॉलनीतच दोन-तीनदा हलका ब्रेक मारून ड्रम कोरडे करा आणि मेन रोडला लागा, पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा, अधिवेशनाच्या दिवसांत वर्धा रोडवर तर कोणीही कुठेही थांबतो. टायरची हवाही सकाळी थंड असतानाच तपासा, दर पाच-सहा डिग्रीला साधारण एक पीएसआय फरक पडतो म्हणजे दुपारी भरलेली हवा पहाटे तीन-चारने कमी दिसते.

फायदा काय म्हणता, तर महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर लावून थोडं चालवा, पुढच्या हाउसिंगमधलं ऑइल फिरतं आणि लिव्हर जाम होत नाही. पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारे फ्री-व्हीलिंग हब असतील तर एरवी फ्रीवर ठेवा. आणि अवकाळी पाऊस होऊन काळी माती फुगली की शेताच्या धुऱ्यावर ज्याला उभं राहायचंय त्याला फायदा विचारावा लागत नाही.

प्रश्न (धरमपेठेतून एक वाचक): बाबांची १९९८ ची जिप्सी किंग मी रोज कॉलेजला नेते, शिकवायला. सकाळी चोक ओढूनही दोनदा बंद पडते, मागच्या वर्षी असं नव्हतं. आणि काचेवर आतून वाफ धरते, पुसून पुसून हात दुखतो.

उत्तर: ताई, तुमची गाडी कार्बोरेटरवाली, जिप्सीला फ्युएल इंजेक्शन २००० मध्ये आलं. मागच्या वर्षी नव्हतं यातला एक भाग पेट्रोलचा असू शकतो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. कार्बोरेटर जुन्या पेट्रोलसाठी लावलेला असला की त्यावर हवा-पेट्रोलचं मिश्रण थोडं पातळ पडतं आणि इथेनॉलची वाफ थंडीत उशिरा होते, म्हणून चोक आधीपेक्षा जरा जास्त वेळ लागेल. पूर्ण ओढा, ॲक्सिलरेटर न दाबता सेल्फ मारा, उचलली की अर्धा आत ढकला आणि काटा हलायला लागला की पूर्ण. चोक ओढलेलाच ठेवून कॉलेजपर्यंत गेलात तर प्लग काळे होतील आणि दुसऱ्या दिवशी अजूनच त्रास. मेकॅनिककडून आयडल आणि मिश्रण नव्याने लावून घ्या, आणि त्याच वेळी सगळे रबरी पेट्रोल पाइप बदलून टाका. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही, पाइप दाबून बघा, चिकट किंवा तडकलेला वाटला तर वाट पाहू नका, पेट्रोलचा वास येतोय म्हणजे तर नाहीच नाही.

वाफेचं सोपं आहे. आपल्या श्वासाची ओल थंड काचेवर बसते, सगळं बंद करून बसलं की जास्तच. दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर खाली ठेवा, थंडी वाजेल, माफलर बांधा. काच आतून एकदा नीट धुऊन कोरडी करा, मळक्या काचेवर वाफ लवकर धरते. बसवाले लावतात तसा छोटा बारा व्होल्टचा पंखा काचेकडे तोंड करून लावला तरी काम भागतं.

प्रश्न (उमरेडहून): नागपूरला रोज येणं-जाणं आहे, पहाटे धुकं असतं, जीपचे लाइट म्हणजे चिमणी. एलईडी टाकू का?

उत्तर: नका. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब टाकला की प्रकाश भलतीकडे फेकतो, धुक्यात समोर पांढरी भिंत उभी राहते आणि समोरच्याचे डोळे जातात ते वेगळंच. जुन्या जीपमध्ये हेडलाइटचा सगळा करंट लांबच्या लांब बारीक वायरीतून आणि डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो, वाटेतच व्होल्टेज मरतं. बॅटरीपासून जाड वायर, मध्ये फ्यूज आणि रिले लावून घ्या, तोच ६०/५५ वॅटचा बल्ब वेगळाच दिसेल. रिफ्लेक्टरची चांदी उडाली असेल तर तो बदला. धुक्यात लो बीमच ठेवा. मागचे दिवे जास्त महत्त्वाचे, जीपचे मागचे दिवे म्हणजे दोन कुंकवाचे टिळे, त्यांचे बल्ब आणि अर्थ तपासा आणि लाल रिफ्लेक्टिव्ह टेप चिकटवा, काहून की पहाटे मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमची साठची स्पीड माहीत नसते. याच कारणाने जुनी जीप समृद्धी महामार्गावर नेऊ नका, तिथं बाकीचे १२० ने येतात.

प्रश्न (काटोलहून): संत्र्याच्या बगिच्यातली जुनी जीप आता रोज वापरायची आहे. ऐकलं की दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद. खरं का?

उत्तर: तो दहा वर्षांचा नियम दिल्ली आणि एनसीआरचा, काटोलला नाही. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर फिटनेस दाखवून नोंदणी नवी करावी लागते, ती पाच पाच वर्षांसाठी मिळते, सोबत पर्यावरण कर. वीस वर्षांवरच्या गाडीची फी २०२५ पासून चांगलीच वाढली आहे, तेवढी तयारी ठेवा. पीयूसी लागणारच आणि एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही. फिटनेसला जायच्या आधी हँडब्रेक, वायपर, हॉर्न, इंडिकेटर चालू करून घ्या, इंजिन कितीही चांगलं असलं तरी बगिच्यातली जीप नेमकी याच चार गोष्टींवर अडते.