वळणावरची कटकट आणि फाटलेला बूट

प्रश्न : माझी गाडी पुढच्या चाकांना ओढ असलेली असून तिचे ९०,००० किलोमीटर झाले आहेत. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेतली की उजव्या चाकातून ‘कट-कट-कट’ असा आवाज येतो आणि गाडी सरळ झाली की तो थांबतो. एका मेकॅनिकच्या मते सीव्ही जॉइंटचा (चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टमधील, वाकूनही एकसारख्या वेगाने फिरणाऱ्या सांध्याचा) बूट, म्हणजे त्यावरचे रबरी आवरण, फाटला आहे आणि जॉइंट बदलावा लागेल. दुसरा म्हणतो की नवा बूट घालून ग्रीस भरले तरी चालेल. कोणाचे ऐकावे?

उत्तर : पहिल्याचे. दुसऱ्याचा सल्ला चुकीचा नाही, पण त्याची वेळ टळून गेली आहे. याचे कारण त्या जॉइंटच्या रचनेत आहे.

पुढच्या चाकांना दोन कामे एकाच वेळी करावी लागतात : गाडी ओढायची आणि वळायचेही. त्यातच ती सस्पेन्शनबरोबर सतत खालीवर होत असतात. त्यामुळे गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टला फिरता फिरता वाकता आले पाहिजे. साध्या युनिव्हर्सल जॉइंटने (दोन शाफ्टांना अधिक-चिन्हासारख्या तुकड्याने जोडणाऱ्या सांध्याने) हे काम नीट होत नाही, कारण तो ३० अंशांत वाकलेला असेल तर एका टोकाला शाफ्ट एकसारखा फिरत असूनही दुसऱ्या टोकाचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे ८७ टक्क्यांपर्यंत उतरतो आणि दोनदा ११५ टक्क्यांपर्यंत चढतो. असे चाक वळणावर हिसके देत राहिले असते. यावर आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने १९२० च्या दशकात जो तोडगा काढला, तोच आजही बहुतेक गाड्यांत चाकाकडच्या बाजूला दिसतो. १९५९ च्या मिनी मोटारीतही याच जातीचा जॉइंट होता. त्यात सहसा सहा पोलादी छर्रे असतात, ते आतल्या आणि बाहेरच्या वाटीतील वक्र खाचांमध्ये बसतात आणि एक पिंजरा त्यांना नेहमी दोन्ही शाफ्टांमधील कोन बरोबर दुभागणाऱ्या पातळीत धरून ठेवतो. कोन कितीही बदलला तरी दोन्ही बाजूंचा वेग सारखाच राहतो, तो या पिंजऱ्यामुळे. मला ही रचना मोटारीतील अत्यंत सुंदर रचनांपैकी एक वाटते.

आता आपला आवाज. रबरी बूट फाटला की त्यातले ग्रीस शाफ्टच्या फिरण्याने बाहेर फेकले जाते आणि त्या जागी धूळ, चिखल व पाणी शिरते. वाळूचे कण मिसळलेले ग्रीस घासकागदासारखे काम करते आणि खाचांमध्ये खळगे पडतात. गाडी सरळ जात असताना छर्रे जवळजवळ एकाच जागी असतात, म्हणून काही ऐकू येत नाही. जॉइंट वाकला की ते खाचेत पुढेमागे सरकू लागतात आणि खळग्यात उतरून पुन्हा चढताना प्रत्येक वेळी टिचकी वाजते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, म्हणून दोष बहुधा उजव्या बाजूलाच असतो. झिजलेले पोलाद ग्रीसने भरून येत नाही. असा जॉइंट काही काळ चालेलही, पण पिंजरा तुटला तर चाकाकडे जोर पोहोचणेच बंद होईल.

मात्र बूट फाटल्याचे आवाज सुरू होण्याआधी लक्षात आले असते, तर दुसरा मेकॅनिक बरोबर ठरला असता. म्हणून दर वेळी इंजिन ऑइल बदलताना स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून बुटाच्या घड्या पाहाव्यात. भेगा घडीच्या तळाशी पडतात आणि चाक सरळ असताना त्या मिटलेल्या राहतात. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा आसपासच्या भागांवर काळ्या ग्रीसचा पट्टा दिसला, तर बूट फाटला आहे किंवा त्याला आवळून धरणारी पट्टी (क्लॅम्प) सैल झाली आहे असे समजावे.

बूट बदलताना जॉइंट उघडून जुने ग्रीस पूर्ण काढावे, खाचा बोटाने चाचपून पाहाव्यात आणि बुटासोबत आलेले ग्रीस सगळे भरावे. बाहेरच्या जॉइंटसाठी सहसा मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेले ग्रीस लागते; हाताशी असलेले कुठलेही ग्रीस भरू नये. क्लॅम्प आवळण्यापूर्वी बूट पिळलेला नाही ना, हे पाहून आत अडकलेली हवा सोडावी. शाफ्ट न काढता बसवता येणारे, उभा जोड असलेले बूटही मिळतात, परंतु मी ते तात्पुरता उपाय म्हणूनच वापरीन.

प्रश्न : माझ्या गाडीत वळताना आवाज येत नाही, पण सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबला की पुढचा भाग थरथरतो. हाही त्याच जॉइंटचा दोष असेल का?

उत्तर : त्याच शाफ्टचा, पण बहुधा गिअरबॉक्सकडच्या जॉइंटचा. तिथे अनेकदा तीन रोलरांचा जॉइंट असतो. तो शाफ्टला वाकू देतो आणि लांबीने आतबाहेरही सरकू देतो. त्याच्या खाचा झिजल्या की जोर लावताना थरथर जाणवते आणि पाय उचलला की ती निवते. एका ठराविक वेगालाच कंप येत असेल आणि ॲक्सिलरेटरने त्यात फरक पडत नसेल, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग तपासावे. वेगाबरोबर वाढणारी घरघर असेल तर हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) बेअरिंगचा संशय घ्यावा.

शाफ्ट काढावा लागला तर त्याचे वजन एका जॉइंटवर लोंबकळू देऊ नये. हबचा मोठा नट नवा वापरून कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरालाच) आवळावा. तो पक्का होण्याआधी गाडीचा भार चाकावर दिल्यास बेअरिंग बिघडू शकते. शाफ्ट बाहेर ओढताना गिअरबॉक्समधील ऑइल सांडते, म्हणून तिथले ऑइल सील तपासावे, पातळी पुन्हा भरावी आणि काही दिवसांनी गाडीखाली वाकून सील व क्लॅम्प दोन्ही कोरडे आहेत ना, हे पाहावे.