मॉडेल खुले, म्हणून सेवा खुली नव्हे: वाचकांचे प्रश्न

पत्रे वेगवेगळी असली तरी गोंधळ बहुधा एकच असतो: एआयचे भाषा-मॉडेल ओपन सोर्स (कोणालाही उतरवून घेता येणारे) आहे, म्हणजे त्याची कंपनीच्या सर्व्हरवरून मिळणारी क्लाऊड सेवाही फुकट आणि निर्धोक असणार.

प्रश्न: मेटाचे लामा हे मॉडेल फुकट आहे, तर ते चालवून देणारी कंपनी टोकनमागे (मजकुराच्या तुकड्यामागे) पैसे कसले घेते?

उत्तर: फुकट आहेत ते मॉडेलचे वेट्स, म्हणजे शिकण्यातून ठरलेले आकडे (पॅरामीटर); ते चालवणारी यंत्रे नव्हेत. लामा ३.१ च्या ७० अब्ज पॅरामीटरच्या आवृत्तीला, दर आकड्याला १६ बिट धरून, नुसते मेमरीत बसवायलाच सुमारे १४० जीबी जागा लागते, म्हणजे ८० जीबीची किमान २ जीपीयू (एआयची गणिते करणारी) कार्डे. शिवाय मेटाच्या परवान्याला अटी आहेत. व्यवसायासाठी वापरणार असाल, तर तो वकिलाकडून वाचून घ्यावा.

प्रश्न: एपीआय की (आपला प्रोग्रॅम कंपनीच्या सेवेला जोडणारी गुप्त किल्ली) मोबाइल अ‍ॅपमध्येच ठेवली तर चालेल का?

उत्तर: नाही, अ‍ॅपमधून ती कोणीही काढून घेऊ शकतो. आधीच ठेवली असेल, तर आजच रद्द करून नवी घ्यावी आणि ती आपल्या सर्व्हरवर ठेवावी.

प्रश्न: तेच मॉडेल दुसऱ्या कंपनीकडे निम्म्या दरात मिळते, पण मराठी उत्तरे कच्ची वाटतात. हा भास आहे का?

उत्तर: नसावा. नाव तेच ठेवून वेट्स ८ किंवा ४ बिटांत दाबले, की १४० जीबीचे ७० किंवा ३५ जीबी होतात आणि दर उतरतो. असे दाबण्याचे क्वांटायझेशन हे तंत्र वाईट नाही. ग्राहकाला न सांगता ते वापरणे वाईट. मॉडेल किती बिटांत चालते, हे कंपनीला लेखी विचारावे आणि आपल्याच कामातली पन्नासेक मराठी वाक्ये दोन्हीकडे देऊन पाहावे. ‘डीपसीक आर१ माझ्या लॅपटॉपवर चालते’ असल्या ऐकीव गोष्टींवर तर विसंबूच नये. डीपसीकचे ते मूळ मॉडेल ६७१ अब्ज पॅरामीटरचे आहे आणि लॅपटॉपवर चालते ते बहुधा त्याच्या उत्तरांवर शिकवलेले छोटे क्वेन किंवा लामा मॉडेल असते.

प्रश्न: माझा दवाखाना आहे. गेले चार महिने रुग्णांचे डिस्चार्ज कागद सारांशासाठी एपीआयवर पाठवतो. मॉडेल ओपन सोर्स असल्याने माहिती सुरक्षित असेल ना?

उत्तर: हा प्रश्न चार महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता. वेट्स कोणालाही उतरवून घेता येतात, याचा तुमच्या कागदाच्या प्रवासाशी काडीचा संबंध नाही. तो कागद दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो, तिथे लॉगमध्ये किती दिवस राहतो, कोण पाहू शकतो आणि तो सर्व्हर कोणत्या देशात आहे, हे मॉडेल नव्हे तर करार ठरवतो. ‘आम्ही तुमच्या माहितीवर मॉडेल शिकवत नाही’ हे जाहिरातीतले वाक्य खरे असले, तरी ‘आम्ही ती साठवत नाही’ असा त्याचा अर्थ होत नाही. नाव खोडून भागत नाही. लहान गाव, वय आणि दुर्मीळ आजार एकत्र आले, की गावातला कोणीही रुग्ण ओळखतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार काम बाहेर दिले तरी जबाबदारी तुमचीच राहते आणि सुरक्षेत कुचराई झाल्यास दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. पाठवणे आज थांबवावे, कंपनीकडून साठवणीचा कालावधी लेखी मागवावा आणि पुढचे पाऊल माहिती-सुरक्षेच्या जाणकाराशी व वकिलाशी बोलूनच टाकावे. छोटे मॉडेल दवाखान्यातल्याच यंत्रावर चालवणे हा पर्याय त्यांच्यासमोर जरूर ठेवावा.

प्रश्न: मराठी मजकुराचे बिल इंग्रजीपेक्षा जास्त का येते?

उत्तर: आकारणी शब्दांवर नव्हे, टोकनांवर होते. ‘विद्यार्थ्यांना’ हा एक शब्द, पण युनिकोडच्या हिशेबात त्याची १५ चिन्हे आणि ४५ बाइट होतात. ज्या टोकनायझरने (मजकुराचे टोकन पाडणाऱ्या प्रोग्रॅमने) देवनागरी फारशी पाहिलेली नाही, तो त्याचे बारीक तुकडे करतो. लामा २ चा शब्दसंग्रह ३२,००० टोकनांचा होता, लामा ३ चा सुमारे १,२८,००० आहे; संग्रह मोठा तर तुकडे कमी, म्हणून फरक पडतो. करार करण्याआधी आपला मजकूर टोकनायझरमधून मोजून घ्यावा.

प्रश्न: एपीआय वापरताना ‘४२९’ ही त्रुटी सारखी येते.

उत्तर: ठरावीक वेळेतल्या विनंत्यांची मर्यादा ओलांडली आहे. थांबण्याचा अवधी दर वेळी वाढवत पुन्हा पाठवावे. तरीही भागले नाही, तर मर्यादा वाढवण्याविषयी कंपनीशी बोलावे.